बाबा सभेत उभे राहिले

खालची वाडी, रत्नागिरी
रविवार, २२ नोव्हेंबर १९८७

चि. लवू,

अक्काचा आशीर्वाद. आम्ही सगळी इथे बरी आहोत. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस. पत्ता पालीच्या काशीरामाने दिला. दिवाळीला गावी आला होता, बाजारात माझ्यासमोर बांगडे घ्यायला थांबला आणि बोलता बोलता म्हणाला की लवू माझ्याच खोलीत असतो, गोदीत लागलाय, तब्येत चांगली आहे. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. मी त्याला दोन बांगडे जास्तीचे टाकले आणि पत्ता त्याच्याकडूनच कागदावर लिहून घेतला.

इकडची खबर म्हणजे आईचा गुडघा पावसात फार धरला होता, आता थंडी सुरू झाल्यावर पुन्हा कुरकुरतोय. तरी ती सुकं खारवायला बसतेच. मोरूभावोजी तुझे यंदा दुसऱ्या होडीवर जातात, मशीनची आहे, दोन दोन दिवस बाहेर असतात. तुझी भाची चौथीत गेली. तिला आता पाढे येतात आणि ती मला हिशेबात पकडते. बांगडा यंदा चांगला लागला. बाबा अजून समुद्रावर जातात. सुकाणूवर दुसऱ्याला बसवत नाहीत, हे तुला वेगळं सांगायला नको.

त्या दिवसाचं मी काही काढणार नाही. ते तुझ्यात आणि त्यांच्यात झालं. मला सांगायचं आहे ते वेगळंच. आपल्याकडे या वर्षी जे घडलं ते माझ्या मनातून जात नाही. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालताना मध्येच आठवतं आणि मी उभी राहते. तुला सांगितल्याशिवाय ते पुरं झालं असं वाटणार नाही.

पाण्यापासून सुरू करते.

तू गेलास त्या वर्षीपासून वाडीतली विहीर चैत्रातच मचूळ व्हायला लागली. यंदा तर भातसुद्धा खारट लागायचं. पाखाडी चढून वरच्या रस्त्याच्या नळावर जायचं, तिथे वरच्या आळीच्या बायकांच्या कळश्या आधीच लागलेल्या. त्या काही वाईट बोलत नाहीत, पण त्यांचा नळ आहे तो. आपण भरल्या हंड्याने त्या जांभ्याच्या पायऱ्या उतरायच्या. शेजारची तुळसाकाकी दोनदा घसरली. एकदा हंडा गेला, एकदा मनगट.

त्या मनगटाला पट्टी बांधून घेताना तिने मला विचारलं, "हिरा, तुझा बाप दर सभेला पाणी मागतो म्हनतो. मग देत का नाय गो ते?"

मी बाबांच्या बाजूने बोलले. म्हटलं, एकटा माणूस किती भांडणार, तिकडे सगळे शिकलेले, वकील, डॉक्टर, व्यापारी. बाबा घरी हेच सांगायचे. धक्क्यावरही हेच सांगायचे. सभा झाली की संध्याकाळी माणसं जमायची आणि बाबा म्हणायचे, मांडलंय मी, जोरात मांडलंय, बघू आता. सगळ्यांना ते खरं वाटायचं. का नाही वाटणार? वादळातून पाच होड्या मागे घेऊन आलेला तांडेल तो. त्याचा आवाज भरतीच्या वाऱ्यावर दुसऱ्या होडीला ऐकू जातो. म्हणून तर वाडीने त्यांना नगरपालिकेत पाठवलं.

मी मासळी घेऊन नाचणकरबाईंकडे जाते. माझ्या सातवीच्या बाई, आता पेन्शनीत आहेत. त्यांच्याकडे हे बोलणं निघालं. बाई सहज म्हणाल्या, अगं, मग जाऊन ऐक ना. पालिकेची सभा लोकांना खुली असते. मागे बाक असतात. कुणीही जाऊन बसावं, फक्त बोलायचं नाही.

मला वाटलं बाई चेष्टा करतात. मी विचारलं, कुणीही म्हणजे कोण? बाई म्हणाल्या, तू.

लवू, तुला हे ठाऊक होतं का रे? तू तर बाबांना पोचवायला तिथपर्यंत जायचास आणि बाहेर चहाच्या टपरीवर थांबायचास. आपल्यातल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. ती इमारत आम्ही रोज बघतो, तिच्या दारावरून मासळी ओरडत जातो, आणि आत बसायला आपल्याला मुभा आहे हे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मला कळलं.

मे महिन्याच्या अखेरीस सभा होती. मी आणि तुळसाकाकी गेलो. पाट्या बाहेर भिंतीशी ठेवल्या, हात धुतले, पदर नीट केला. शिपायाने अडवलं नाही. "मागं बसा," एवढंच म्हणाला. आत गेलो आणि आधी वर बघितलं. केवढं ते छत. पंखे लांब दांड्यांवरून खाली आलेले. भिंतीवर जुन्या लोकांचे फोटो. अर्धगोल मांडलेल्या खुर्च्या, वर अध्यक्षांचं टेबल, त्यावर माईक. देवळाच्या गाभाऱ्यात जसं आपोआप हळू बोलायला होतं तसं झालं. काकीने तर चपला काढून हातात घेतल्या होत्या. मी त्या खाली ठेवायला लावल्या.

मग मुख्याधिकाऱ्यांनी विषय वाचायला सुरुवात केली. आपलं गाव कसं चालतं ते मी पहिल्यांदा ऐकत होते. कुठली गटारं, कुठले दिवे, कुठली शाळा गळते. सगळं कागदाच्या भाषेत होतं, निम्मं कळलं नाही, पण मध्येच एखादं ओळखीचं नाव यायचं, एखादी आळी, एखादा पार, आणि वाटायचं, अरे, हे इथे ठरतं होय. आपण ज्या दगडावर पाय देतो तो दगड कुठे बसवायचा हे या खोलीत ठरतं.

आम्ही बाबांना ऐकायला गेलो होतो. मला खरं तर काकीला दाखवायचं होतं की बघ, माझा बाप कसा बोलतो.

बाबा अगदी कडेच्या खुर्चीत होते. इस्त्रीचा सदरा, तो तू निवडणुकीला शिवून घेतलेला. हातात कागद धरलेले, डोळ्यांसमोर, जणू वाचताहेत. पान उलटत नव्हते. अध्यक्ष म्हणाले की हात वर, की बाबा शेजारच्याचा हात वर गेलेला बघायचे आणि मग आपला वर करायचे. जरा उशिराने. दर वेळी तेवढ्याच उशिराने. पाणीपुरवठ्याचा विषय आला. कुणीतरी बोललं, कुणीतरी उत्तर दिलं, पुन्हा हात वर झाले. बाबांनी शेजारी बघितलं आणि हात वर केला. आपल्या वाडीचं नाव कुणी घेतलं नाही, कारण ते घ्यायचं होतं त्यांनीच.

उठताना त्यांनी मागे बघितलं आणि आम्ही दिसलो. लवू, समुद्रात माणूस पडला तरी ज्याचा चेहरा हलत नाही त्या माणसाने मान फिरवली.

तुळसाकाकीची जीभ तुला माहीत आहे. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. पाखाडी उतरून दाराशी आल्यावर म्हणाली, "मी कुनाला सांगनार नाय." आणि तिने खरोखर सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, आई बाहेर होती. म्हटलं, बाबा, पालिकेचे कागद येतात ते मी वाचून दाखवू का? ते जाळं शिवत होते. वर न बघता म्हणाले, "तू तुझा घर बघ."

आठवड्याने धक्क्यावर माणसांनी विचारलं तेव्हा ते पुन्हा म्हणाले, मांडलं मी. मी तिथेच टोपल्या धूत होते. त्यांना ठाऊक होतं मी ऐकतेय. तरी म्हणाले. मला राग यायला हवा होता. राग आला नाही. भीती वाटली, एवढा मोठा माणूस आतून किती एकटा पडलाय याची.

आता तुला जे सांगायला मी टाळत होते त्यातलं पहिलं सांगते. पुढच्या सभेला वाडीतल्या बायका गेल्या त्या मी नेल्या. काकीने तोंड उघडलं नाही, पण मी उघडलं. बाबांबद्दल नाही बोलले. एवढंच म्हटलं की सभा खुली असते, कुणीही बसू शकतं, जाऊन बघा. मला कळत होतं की त्या गेल्या तर काय बघतील. तरी सांगितलं. आई मला नंतर म्हणाली की स्वतःच्या बापाला असं चव्हाट्यावर बसवतात का गो. मी तिला म्हटलं, आये, चव्हाट्यावर वाडीनेच त्यांना बसवलंय, मी फक्त बघायला माणसं नेली. बोलून गेले खरी, पण त्या रात्री मला घास गेला नाही.

ऑगस्टच्या सभेला आम्ही एक पूर्ण बाक भरला. नारळी पुनव झाली होती, होड्या बाहेर पडल्या होत्या, त्यामुळे सगळ्या बायकाच. कुणी काही बोललं नाही. नुसत्या बसल्या. आणि एक गोष्ट मी बघितली ती तुला सांगते. आम्ही बसल्यावर सभेतली माणसं नीट बसायला लागली. जे एकमेकांत कुजबुजत होते ते गप्प झाले. अध्यक्षांनी एका विषयाला नुसतं "मंजूर" म्हणून पुढे जाण्याआधी आमच्याकडे बघितलं आणि तो विषय दोन वाक्यांत सोपा करून सांगितला. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. आम्ही काही मागितलं नव्हतं, हात वर करायचा आम्हाला हक्कही नव्हता. बघणाऱ्या डोळ्यांत एवढं बळ असतं हे मला माहीत नव्हतं. मासळी विकताना गिऱ्हाईक तराजूकडे बघतं तेव्हा आपला हात आपोआप सरळ होतो, तसंच ते.

बाबा त्या दिवशीही बोलले नाहीत. पण कागद डोळ्यांसमोर धरला नाही. मांडीवर पालथा ठेवला.

त्या सभेनंतर वाडीत कुणी त्यांना काही विचारलं नाही. धक्क्यावर माणसं जमायची बंद झाली. बायकांनी घरी सांगितलंच असणार. कुणी वाईट बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं असेल. गणपतीत आरतीला पुढे उभे राहायचे ते मागे उभे राहिले.

मग दसऱ्यानंतरची सभा आली. पुढच्या वर्षी नवीन नळाच्या लाइनी कुठे टाकायच्या तो विषय होता, नाचणकरबाईंनी पेपरात वाचून मला सांगितलं होतं. त्या दिवशी तर पुरुषही आले. होड्या लवकर परतल्या होत्या की मुद्दाम परतवल्या होत्या, देव जाणे. मोरूही आले, अंगाला डिझेलचा वास. बाक पुरले नाहीत, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली, काही जिन्यावर. आई आली. तो गुडघा घेऊन पाखाडी चढून आली आणि माझ्या शेजारी बसली. मी तिला विचारलं नाही का आलीस.

विषय आला. यादी वाचली गेली. आपलं नाव नव्हतं. अध्यक्षांनी नेहमीसारखं विचारलं की कुणाला काही बोलायचं आहे का, आणि नेहमीसारखं पुढे जायला कागद उलटला.

बाबा उभे राहिले.

खुर्चीचा आवाज झाला तेवढाच. शिपाई माईक घेऊन यायला लागला तर त्यांनी हाताने थांबवलं. आणि लवू, ते बोलले. ओरडले नाहीत. पण सुकाणूवर बसून जो आवाज काढतात, लांब जाणारा, त्या आवाजात बोलले, आणि जिन्यावरच्यांनाही ऐकू आलं. जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण मी ते विसरू शकत नाही.

"अध्यक्षसाहेब, ह्या कागदात काय लिवलंय ता मला वाचता येत नाय. दुसरी शिकलो, सही येते, बाकी काय नाय. दीड वर्स मी शेजारच्याचा हात बघून हात वर केला. मागं बसलीत ती माझी मानसं. त्यांना मी सांगितलं की तुमचा पानी मी मागतो. मी मागितला नाय. एकदाबी नाय. मला लाज वाटत होती. आज मागतो. आमच्या वाडीला नळ द्या. आनि ह्या कागदात काय हाय ता एकदा सगळ्यांना कळंल असा वाचून दाखवा."

आणि उभेच राहिले. बसले नाहीत.

सभागृहात पंख्यांचा आवाज येत होता. एक जण तोंडावर रुमाल धरून हसला असं मला वाटलं, पण त्याच्या शेजारच्याने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने रुमाल खिशात घातला. मी आईकडे बघायला घाबरत होते. बघितलं तर ती ताठ बसली होती, हात मांडीवर, आणि तिचे डोळे बाबांवरून हलत नव्हते. तिच्या लग्नात तिने त्यांच्याकडे कसं बघितलं असेल ते मला त्या दिवशी कळलं.

अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, "गंगारामजी, बसा. तुमचं म्हणणं योग्य आहे." आणि मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं की संपूर्ण विषय सोप्या शब्दांत समजावून द्या. ते साहेब तरुण आहेत, घाटावरचे. ते उभे राहिले आणि लाइनी कुठून कुठे जातात, पाणी किती आहे, कुणाला आधी का, सगळं सांगितलं. मध्ये एक डॉक्टर सदस्य म्हणाले की खरं सांगायचं तर मलाही हे आज नीट कळतंय. तेव्हा सगळी सभा हसली, पण ते हसणं वेगळं होतं. बाबाही हसले.

आपल्या वाडीची लाइन यादीत घेतली गेली. हात वर करायची वेळ आली तेव्हा बाबांचा हात सगळ्यांत आधी वर होता.

आता दुसरं लिहिते. इतके दिवस आपण सगळ्यांनी ते गिळून ठेवलंय. मागच्या वर्षी शिमग्याआधी धक्क्यावर तू खलाशांसमोर त्यांना म्हणालास की तुम्हाला सहीपलीकडे काही येत नाही, खरा नगरसेवक मी आहे. त्याआधी तू त्यांना प्रत्येक कागद वाचून दाखवायचास, कुठे काय बोलायचं ते सांगायचास, आणि ते सभेत बोलायचेही. हे मी विसरले नाही. तू खूप केलंस. त्या दिवशी त्यांनी तुला निघ म्हटलं आणि तू निघालास. त्यानंतर कागद वाचून दाखवायला कुणी राहिलं नाही. आणि मी विचारलं तरी त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं नाही, कारण तू म्हणालास ते खरं आहे हे त्यांना कुणालाच कळू द्यायचं नव्हतं. तुला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. एवढंच सांगते की तू जे रागात चार खलाशांसमोर बोललास, ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने अख्ख्या गावासमोर सांगितलं. कुणी विचारलं नसताना. असा माणूस मी पुन्हा बघेन असं मला वाटत नाही, आणि तो आपला बाप आहे.

घरी येताना ते पुढे आणि सगळी वाडी मागे. पाखाडीच्या अर्ध्यावर आल्यावर तुळसाकाकीने हाक मारली, "तांडेलानू." ते थांबले. ती म्हणाली, "ह्या म्होरं सभेत काय बोलायचा ता आदी आमाला विचारायचा. आनि काय झाला ता येऊन सांगायचा. खरा ता."

बाबा म्हणाले, "व्हय."

तेव्हापासून ते सुरू आहे. सभेचे कागद आले की संध्याकाळी जाळी वाळवतात त्या जागेवर माणसं जमतात. कागद मी वाचते. जे मला कळत नाही ते आदल्या दिवशी नाचणकरबाईंना विचारून येते. बाबा मध्ये बसून ऐकतात आणि माणसं त्यांना सांगतात, हे बोला, हे बोलू नका. कधी कधी भांडणं होतात. पहिल्याच बैठकीत लांज्याहून इथे सासरी आलेली ती नवी सून, सखू, तिने विचारलं की दिवाबत्तीच्या विषयाला मागे तुम्ही हात वर केलात, त्यात आमच्या गल्लीचा दिवा गेला, ते का केलंत? काल आलेली पोर गंगाराम तांडेलाला जाब विचारते. बाबा म्हणाले की मला तेव्हा कळलं नव्हतं कशाला हात वर करतोय, चूक झाली, पुढच्या सभेला मांडतो. आणि मांडलं. दिवा अजून आला नाही, पण त्याचं उत्तर लेखी आलंय, ते मी सखूला वाचून दाखवलं.

ते घाटावरचे साहेब दिवाळीआधी स्वतः खाली आले. बूट काढून हातात घेतले आणि ओल्या पायऱ्या उतरले. नळ कुठे बसवायचा हे त्यांनी बायकांना विचारलं. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो, आम्हाला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. बाबांचं म्हणणं धक्क्याजवळ बसवावा, मासळी धुवायला बरं पडेल. बायकांचं म्हणणं पाखाडीच्या वळणावर, म्हणजे म्हाताऱ्यांना फार उतरावं लागणार नाही. हात वर करून ठरवलं आणि बाबा हरले. दोन दिवस ते माझ्याशी फुरंगटून होते. तिसऱ्या दिवशी वळणावरची जागा साफ करायला फावडं घेऊन स्वतःच गेले.

चर खणायला सुरुवात झालीय. जांभा लागलाय, काम हळू चाललंय. पाणी अजून यायचंय. येईलच असं मी छातीठोक सांगत नाही, पण आता ते का आलं नाही हे आम्ही विचारू शकतो आणि कुणाला विचारायचं ते आम्हाला ठाऊक आहे. मला हेच पाण्याहून मोठं वाटतं. आईला सांगितलं तर ती म्हणते, आधी पाणी येऊ दे.

इथपर्यंत लिहून झालं आणि बाबा आले. विचारलं काय लिहितेस. मी खोटं बोलले नाही. म्हणाले, वाचून दाखव.

मी वाचायला लागले. ते दारातल्या पायरीवर बसून समुद्राकडे तोंड करून ऐकत होते. तू धक्क्यावर बोललास ते जिथे लिहिलंय तिथे मी थांबले. मला वाटलं ते वगळून पुढचं वाचावं. ते मागे न वळता म्हणाले, "वाच." मी वाचलं. सगळं वाचलं. त्यांनी त्यातलं काही खोडायला सांगितलं नाही. सुरमईचा भाव वाढलाय ते लिहायला राहिलं, एवढंच म्हणाले.

मग मी विचारलं, बाबा, त्याला ये म्हणून लिहू का?

मला वाटलं उठून जातील. ते तसेच समुद्राकडे बघत म्हणाले, "ये म्हनून लिवू नको. कदी येतोस ता इचार."

म्हणून विचारते, लवू. कधी येतोस?

तुझी अक्का,
हिरा
(पत्र बाबांनी पूर्ण ऐकलं आहे.)